ज्याला प्रवेशच नाही

गेल्या महिन्यात एका रात्री मी युद्धकाळावरची एक हेरमालिका सातव्या भागात बंद केली आणि पुन्हा लावली नाही. मालिका वाईट होती म्हणून नव्हे. कामे सगळ्यांची चोख होती, आणि टंचाईने गांजलेले ते हिवाळ्यातले शहर इतके खरे उभे केले होते की आम्ही दोघे सलग तीन रात्री जागलो होतो. शत्रूच्या राजधानीत खोट्या नावाने राहणारा एक हेर रेल्वेतल्या एका कारकुनाच्या घरी भाडेकरू म्हणून येतो. कारकुनाची म्हातारी आई शिध्यात मिळालेला आपल्या वाटचा बटाटा गुपचूप या परक्या मुलाच्या ताटलीत सरकवते. कारकून त्याला संध्याकाळी बुद्धिबळ शिकवतो. सातव्या भागात हेर खुंटीवरच्या कोटातून किल्ली काढतो, सैन्याच्या गाड्यांचे वेळापत्रक उतरवून घेतो, चार दिवसांनी एक पूल उडतो आणि पहाटे त्या कारकुनाला त्याच्याच देशाचे पोलीस उचलून नेतात. त्यानंतरची तीन-चार मिनिटे पडद्यावर फक्त हेराचा चेहरा आहे. हातात पटावरचे एक प्यादे, भरून आलेले डोळे, खिडकीबाहेर पडणारा बर्फ.

"बिचारा," पत्नी म्हणाली.

"कोण?" मी विचारले.

"कोण म्हणजे? हाच की."

मी रिमोट उचलला. तिचे काही चुकले नव्हते. तिला तसेच वाटावे अशी सगळी व्यवस्था मालिकेने केली होती. कारकुनाला नेणाऱ्या गाडीच्या मागे कॅमेरा गेला नाही. कोठडीत त्याला काय विचारले, मित्राचे नाव घ्यायचे त्याच्या मनात तरी आले का, त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी किती बटाटे उकडले, यांपैकी काहीही आम्हाला दिसले नाही आणि पुढेही दिसणार नव्हते. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर त्या माणसाला पुढे प्रवेशच नव्हता.

हेरकथांची वाखाणणी करताना आपण नेहमी म्हणतो की त्यांत काळे-पांढरे असे काही नसते, सगळेच करडे असते. ते खरेही आहे. पण त्या करड्या रंगाचा हिशेब दरवेळी हेराच्याच वहीत मांडला जातो, असे माझे निरीक्षण आहे. त्याची उडालेली झोप, मोडलेला संसार, आरशात स्वतःचे खरे नाव उच्चारून पाहण्याची त्याची सवय, हे सारे त्याने मोजलेली किंमत म्हणून धरले जाते, आणि किंमत मोजली म्हटल्यावर आपण त्याला मनोमन सोडून देतो. ज्याच्या विश्वासावर सगळे काम उभे राहिले त्याची वही कोणी उघडतच नाही. युद्धात हेर लागतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बहिर्जी नाईकांच्या नजरबाजांवाचून शिवरायांच्या मोहिमा झाल्या नसत्या, आणि नाझींनी व्यापलेल्या युरोपात खोट्या नावाने वावरणाऱ्या माणसांचे ऋण मोठे आहे. तरीही एखादी फसवणूक आवश्यक होती एवढ्यावरून, जो फसला त्याच्यावर अन्याय झाला नाही असे ठरत नाही, आणि हे दुसरे म्हणणे या कथा सहसा उच्चारत नाहीत.

हा प्रश्न पडद्याहून पुष्कळ जुना आहे. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे राजकारणाचे नाटक म्हणून शिकवले जाते, पण मला ते पहिल्या वाचनापासून हेरांचे नाटक वाटत आले आहे. त्यात दारी आलेला गारुडी, यमपट दाखवत हिंडणारा भिक्षेकरी, मुंडन केलेला क्षपणक म्हणजे जैन साधू, जो भेटेल तो कुणाचा ना कुणाचा माणूस असतो. लढाई तोंडावर आलेली आहे. मलयकेतू नावाचा तरुण राजपुत्र आणि नंदांचा निष्ठावान अमात्य राक्षस हे पाटलिपुत्रावर चालून निघाले आहेत, आणि मलयकेतूचा जिवलग म्हणून त्याच्या छावणीत वावरणारा भागुरायण हा चाणक्याने पेरलेला माणूस आहे. पाचव्या अंकाच्या आरंभी भागुरायण स्वतःशीच म्हणतो की आपल्यावर इतकी माया करणाऱ्या या कुमाराला फसवायचे, हे फार कठीण काम आहे. तेवढे म्हणून तो कामाला लागतो.

पुढे जे घडते त्याने मी विद्यार्थी असताना हललो होतो आणि आजही हलतो. मलयकेतू येतो तेव्हा भागुरायण पाठमोरा बसलेला असतो. राजपुत्र बरोबरच्या प्रतिहारीला पाय न वाजवता थांबायला सांगतो. मागून जाऊन मित्राचे डोळे आपल्या हातांनी झाकावेत, असे त्याच्या मनात आलेले असते. लढाईला निघालेला, बाप गमावलेला मुलगा, आणि त्याला हा पोरखेळ सुचतो. तेवढ्यात क्षपणक तिथे येतो, त्याचे आणि भागुरायणाचे बोलणे सुरू होते आणि राजपुत्र आडून ऐकतो की त्याच्या बापाला विषकन्येकरवी राक्षसाने मारले. हे खोटे आहे. ते कृत्य चाणक्याचे. डोळे झाकायचे राहून जातात. नंतर बनावट पत्र येते, मुद्रा येते, दागिने येतात. मलयकेतू राक्षसाला हाकलून देतो, आपल्याच बाजूच्या पाच राजांना ठार करवतो आणि शेवटी पकडला जातो.

सातव्या अंकात निरोप येतो की हातपाय बांधलेल्या मलयकेतूला दाराशी आणून उभे केले आहे. आणणाऱ्यांत भागुरायणाचे नाव आहे. राक्षसाच्या शब्दावर मलयकेतूला जीवदान मिळते, बापाचे राज्यही परत मिळते. पण तो स्वतः रंगमंचावर येत नाही. सगळे त्याच्याविषयी बोलतात आणि तो दाराबाहेरच राहतो. त्या दोघांना समोरासमोर उभे करण्याची गरज विशाखदत्ताला वाटली नसेल, किंवा ते त्याला करवले नसेल. मला यांतले दुसरे कारण खरे मानावेसे वाटते, कारण डोळे झाकण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला फसलेला माणूस दिसत नव्हता असे कसे म्हणायचे?

मी हे एवढे का धरून बसलो आहे, ते सांगायला हवे. १९९४ साली मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून म्हणून लागलो. नोकरी तात्पुरती होती. शॉपमध्ये लेथवर काम करणारा, दिंडोरी तालुक्यातून येणारा माझ्याच वयाचा एक मुलगा पहिल्याच आठवड्यात माझा मित्र झाला. त्याच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असायचा, आणि माझा डबा मऊ भाताचा पाहून तो अर्धी भाकरी माझ्या झाकणावर ठेवायचा, विचारायचा नाही. कारखान्यात युनियनचे मागणीपत्र दिलेले होते आणि बोनसवरून वातावरण तापत होते. एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले, बसायला सांगितले, चहा मागवला. "तू सगळ्यांत मिसळतोस," ते म्हणाले, "कानावर येईल ते सांगत जा. कुणाचं वाईट करायचं नाहीये आपल्याला. तुझ्या कायम व्हायचंही बघतो."

मी सांगत गेलो. दर शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर. मित्राच्या खोलीवर बैठका व्हायच्या, मी तिथे सतरंजीवर बसायचो, आणि सगळ्यांसारख्या घोषणाही द्यायचो. त्या घोषणा मला पटत होत्या, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. मागणीपत्रातली तिसरी मागणी तात्पुरत्या कामगारांना कायम करण्याची होती, म्हणजे ती माझ्यासाठीच होती. मित्राशी मी कधीही खोटे बोललो नाही. साहेबांशीही नाही. एका खोलीत ऐकलेले खरे मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवत होतो, एवढेच. खबऱ्याला खोटे बोलावेच लागते असे नाही, हे मला तेव्हा कळले आणि पुढे कोणत्याही मालिकेत मी ते नीट दाखवलेले पाहिले नाही. तिथे हेर सतत थापा मारताना दिसतो. प्रत्यक्षात त्याचे मुख्य काम ऐकण्याचे असते, आणि जो मनापासून ऐकतो त्याच्यावर माणसे जीव टाकतात.

कामबंदची तारीख ठरली तशी मी ती सांगितली, आणि ती कोणी ठरवली तेही सांगितले. दोन दिवसांनी साहेबांनी मित्राची वर्षभराची पंचिंग कार्डे मागवली. ती काढण्याचे काम माझे होते. जाड पिवळसर पुठ्ठ्याची ती कार्डे, उशिराची वेळ लाल शाईत उमटायची. मी एकेक कार्ड पाहत गेलो आणि नऊ लाल खुणा मोजल्या. त्यांतली जुलैमधली एक मला ओळखीची होती. त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती आणि आईला सकाळीच धाप लागली होती. मित्राने तिला लुनावर बसवून दवाखान्यात नेले होते आणि तो सव्वा तास उशिरा कामावर आला होता. ते कार्डही मी गठ्ठ्यात ठेवले. वारंवार उशिरा येण्याबद्दल त्याला चार्जशीट मिळाले, मग निलंबन, मग चौकशी. आठ महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. मी पुढच्या वर्षी कायम झालो.

साताठ वर्षांनी मी नूर इनायत खानविषयी पहिल्यांदा वाचले. मला त्यात सगळ्यात आधी दिसले ते तिच्या प्रशिक्षणाच्या कागदांतले एक निरीक्षण: दुतोंडीपणाचे काही करायला आपल्याला आवडणार नाही, असे तिने स्वतःच प्रशिक्षकांना सांगितले होते. हेर व्हायला आलेल्या मुलीने! बडोद्याच्या गायकवाडांच्या पदरी असलेल्या मौलाबख्श या थोर गवयाची ती पणती, सूफी संगीतकार इनायत खानांची मुलगी. जन्म १९१४ सालचा, मॉस्कोतला, आणि वाढली पॅरिसच्या परिसरात. मुलांसाठी लिहिलेल्या वीस जातककथांचे तिचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले. जून १९४३ मध्ये ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेने तिला वायरलेस चालवण्यासाठी फ्रान्समध्ये उतरवले. काही दिवसांतच तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. परत ये म्हटले असता ती आली नाही आणि ऑक्टोबरपर्यंत एकटी जागा बदलत संदेश पाठवत राहिली. मग फितुरीने ती पकडली गेली. चौकशीत ती बोलली नाही, पण तिने पाठवलेल्या संदेशांची टिपणे जर्मनांच्या हाती लागली आणि ते तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले. लंडनने त्यांच्यावर विश्वास ठेवला. १९४४ च्या सुरुवातीला पॅराशूटने उतरलेल्या माणसांना घ्यायला खाली जर्मन उभे होते. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत नूरला गोळी घालण्यात आली, आणि १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

तिच्याविषयी जे सांगितले जाते ते तिच्या बलिदानापाशी थांबते, आणि तिच्यापुरते ते योग्यच आहे. माझे मन मात्र त्या उड्या मारणाऱ्यांपाशी अडकते. ज्या मुलीला दोन तोंडे नको होती तिच्या तोंडून दुसरेच बोलत होते, आणि अंधारात विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ते कळायला काही मार्ग नव्हता. लंडनमध्ये बसलेल्यांना होता. वायरलेसवाल्यांना एक खूण दिलेली असे: संदेशात ठरल्या जागी मुद्दाम चूक करायची, आणि चूक दिसली नाही तर समजायचे की माणूस शत्रूच्या ताब्यात आहे. हॉलंडमध्ये १९४२ साली पकडल्या गेलेल्या लाउवर्स नावाच्या वायरलेसवाल्याने ती खूण कटाक्षाने गाळली होती. लंडनने तिकडे दुर्लक्ष केले आणि पुढे माणसे पाठवणे चालूच ठेवले. त्या एका डावात पन्नासच्या आसपास हेर जर्मनांच्या हाती पडले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. हेरकथांतला वरिष्ठ नेहमी थंड, हुशार आणि सगळे जाणून असलेला दाखवतात. इथला वरिष्ठ नुसता निष्काळजी होता, ही गोष्ट मला अधिक भयंकर वाटते.

आपल्याकडचे उदाहरण भगतराम तलवार यांचे आहे. १९४१ मध्ये नेताजी पेशावरहून काबूलला निघाले तेव्हा मुक्या-बहिऱ्या झियाउद्दीनच्या वेशातल्या त्यांच्याबरोबर रहमत खान बनून चालणारा माणूस तो. त्याच्या भावाला पंजाबच्या गव्हर्नरवर गोळ्या झाडल्याबद्दल १९३१ मध्ये फाशी झाली होती. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर, साम्यवादी असलेला हा माणूस रशियनांसाठी आणि त्यांच्यामार्फत ब्रिटिशांसाठीही काम करू लागला, आणि काबूलमधल्या जर्मनांना रचलेल्या बातम्या पुरवत राहिला. जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस दिला. ब्रिटिशांच्या दप्तरात त्याचे नाव 'सिल्व्हर' होते. त्याची राजकीय निष्ठा मी समजू शकतो, कदाचित मान्यही करीन. पण बर्लिनमध्ये नेताजी त्याला आपला माणूस समजत होते, आणि त्याच्यासंबंधीच्या साऱ्या चित्तथरारक मजकुरात मी दरवेळी ते एकच वाक्य शोधत बसतो.

नाशिकच्या माणसाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. पंचवटीत सीतागुंफेपाशी बाराही महिने रांग असते आणि रावण भिक्षेकऱ्याच्या वेशात आला ती कथा शेंबड्या पोरालाही पाठ असते. मला तिथे मारीच आठवतो. तो रानात तप करत राहिला होता, रावणाला त्याने परोपरीने समजावले, आणि ऐकले नाही तर हाच मारील हे दिसल्यावर, मरायचेच तर रामाच्या हातून मरू म्हणत तो सोन्याचा मृग झाला. धमकीखाली कामाला लावलेल्या हेराची याहून नेमकी गोष्ट मला माहीत नाही. तरी मरताना त्याने हाक मारली ती रामाच्या आवाजात, आणि त्या आवाजावर विश्वास ठेवणारी गुंफेत होती.

गोल्फ क्लबच्या ज्या मैदानावर मी सकाळी फिरायला जातो त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात, नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यांनी गोळ्या झाडल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कर्वे व देशपांडे या साथीदारांसह ते फासावर गेले. त्या धरपकडीत काही जण माफीचे साक्षीदार झाले. त्यांच्या नावाने रस्ता नाही आणि नसावाच. पण कोठडीत काय झाल्यावर त्यांनी तोंड उघडले हे मला माहीत नसताना मी त्यांच्यावर थुंकू शकत नाही. माझ्यावर तर कोणी हातही उगारला नव्हता. मला चहा मिळाला होता.

२०११ च्या फेब्रुवारीत दिंडोरी नाक्यावर माझ्या खांद्यावर मागून हात पडला. मित्र होता. केस पिकलेले, अंगावर पांढरा सदरा, बाजूला द्राक्षांच्या क्रेटने भरलेली पिकअप. त्याने गावी जाऊन बाग लावली होती, दोन वर्षे गारपिटीने झोपवले होते, यंदा बरे होते. "मावशी कशी हाये?" त्याने पहिले हेच विचारले. आई जाऊन दोन वर्षे झाली, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग एका क्रेटमधले घड निवडून पिशवीत भरू लागला, फुटलेला मणी दिसला की तो घड बाजूला ठेवत. पिशवी माझ्या हातात देताना त्याने सहज विचारले, "काय रे, माझं नाव साहेबाला कुणी दिलं व्हतं, कळलं का कधी तुला?"

"नाही," मी म्हणालो.

त्याच्याशी बोललेले ते माझे पहिले खोटे.

मालिका बंद केली त्या रात्री पत्नीने विचारले, "अहो, बंद का केलंत?" तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले, लग्नाला सत्तावीस वर्षे झाल्यावर. मधे ती काही बोलली नाही. मी माझी उडालेली झोप सांगितली, पहिला कायम पगार हातात आला तेव्हा पोटात कसे ढवळले ते सांगितले, आणि सांगता सांगताच जाणवले की मी खिडकीशी उभा आहे आणि कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर आहे. मग तिने एकच विचारले, त्यांच्या घरी तेव्हा कोण कोण होते. मी आठवून सांगितले: आई, धाकटा भाऊ, आणि दोन बहिणी, त्यांतल्या थोरलीचे लग्न ठरले होते.

"मग ते झालं का?"

पत्रिका आली नव्हती. मी कधी विचारले नाही. त्या आठ महिन्यांत त्या घरात रोज काय शिजत होते, आणि त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी कोणासाठी ठेवली जात होती, हे मला माहीत नाही.